विक्रेत्याचा ‘पुढचा आठवडा’

जुना फ्लॅट विकत घेताना, म्हणजे बिल्डरकडून नव्हे तर राहत्या मालकाकडून घेताना, सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात नक्की करून टाकू’. ते खोटेपणाने म्हटलेलं असतंच असं नाही. बहुतेक विक्रेते सरळ माणसं असतात. कुणाला आईवडिलांचं घर विकायचं असतं, कुणाला मोठ्या घरात जायचं असतं, कुणाला मुलाच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे असतात. विकायचं ठरलं म्हणजे विक्री झालीच, असं त्यांना मनापासून वाटतं. पण फ्लॅट विकण्याची इच्छा आणि फ्लॅट विकण्याची कागदोपत्री तयारी यांत तीन-चार महिन्यांचं अंतर असू शकतं. ते अंतर विक्रेत्याला विसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, घेतल्यानंतर कळतं. तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकलेले असतात, गृहकर्ज मंजूर झालेलं असतं आणि भाड्याच्या घराच्या मालकाला ‘आम्ही सोडतोय’ असं सांगून झालेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या रिसेल व्यवहारांबद्दल मला ठामपणे वाटतं ते एवढंच, की विक्रेत्याकडून होणारा उशीर विसार देण्याआधीच कागदांत दिसत असतो. तो तिथे वाचावा, आणि पैसे तारखेला बांधण्याऐवजी कागदाला बांधावेत. तारीख हुकली की भांडण होतं. कागद आला नाही तर पैसे नुसते थांबतात, आणि भांडणापेक्षा ते केव्हाही बरं.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: मूळ कागद आत्ता कुठे आहेत? ‘घरीच आहेत’ म्हणाले तर बघायला मागावेत. पहिला करारनामा, त्यानंतर जितक्या वेळा फ्लॅट हस्तांतरित झाला त्या प्रत्येक वेळचा नोंदणीकृत दस्त, त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा सारांश, ‘इंडेक्स टू’), नोंदणी फीची पावती आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एवढं टेबलावर यायला हवं. शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजू बघावी. हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात. पुष्कळदा तिथे आधीच्या मालकाचंच नाव शेवटचं असतं. आजचा विक्रेता दहा वर्षं त्या घरात राहतोय, मेन्टेनन्स भरतोय, पण सर्टिफिकेट स्वतःच्या नावावर करून घ्यायचं राहून गेलंय. मग आधी त्याचं नाव लागणार, नंतर तुमचं. यात कुणाची लबाडी नसते, पण कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल तर दोन महिने इथेच गेले.

करारनामा हरवलेला असेल तर तेही आधीच कळलेलं बरं. पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी साधारण चौदा-पंधरा दिवस, आणि दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित प्रत, एवढा सगळा प्रवास असतो. शिवाय तुमची कर्ज देणारी बँक प्रमाणित प्रतीवर समाधान मानेल का, हे बँकेच्या वकिलाला विचारून मगच पुढे जावं.

‘कागद बँकेत आहेत’ असं उत्तर आलं तर मात्र नीट बसून बोलायला हवं. रिसेल व्यवहारातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नेमकेपणाने मोजता येणारा उशीर इथे असतो.

विक्रेत्याचं कर्ज बाकी असताना क्रम साधारण असा चालतो. विक्रेता आपल्या बँकेकडून दोन कागद मागतो. एक म्हणजे बँकेत जमा असलेल्या दस्तांची यादी, जिला सगळे ‘एलओडी’ म्हणतात. दुसरं फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला अमुक तारखेपर्यंत किती रक्कम लागेल त्याचं पत्र. यादी बघून तुमची बँक कर्ज मंजूर करते. साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, नोंदवलं जातं. मग तुमची बँक विक्रेत्याच्या कर्ज खात्याच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढते. कर्ज बंद होतं, मूळ कागद सुटतात आणि ते थेट तुमच्या बँकेकडे जातात. त्यानंतर खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष मालकी देणारा दस्त.

हे बिघडतं कसं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा विक्रेत्याचं ३२ लाखांचं कर्ज बाकी आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के. रोजचं व्याज होतं सुमारे ७४५ रुपये. फोरक्लोजर लेटर १० तारखेपर्यंतचं आहे. ड्राफ्ट त्या आकड्याचा निघाला, पण शनिवार-रविवार आणि एक सही यांत अडकून १४ तारखेला भरला गेला. चार दिवसांचे सुमारे २,९८० रुपये कमी पडले. खातं बंद होत नाही. ते बंद झालं नाही म्हणून कागद सोडण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही, आणि ही गोष्ट कुणी आपणहून कळवत नाही. पंधरा दिवसांनी चौकशी केली की समजतं, ३२ लाख पोचलेत पण तीन हजार बाकी आहेत. म्हणून ड्राफ्ट भरण्याच्या दिवशीच विक्रेत्याने शाखेतून नवा आकडा घ्यावा आणि फरकाची रक्कम स्वतःच्या खात्यात तयार ठेवावी. किंवा पत्रच मुळात दहा-बारा दिवस पुढच्या तारखेचं मागावं. कर्ज फेडलं गेल्यावर लगेच खातं बंद झाल्याचं पत्र मागावं, नुसत्या भरणा पावतीवर थांबू नये.

अजून काही गाठी. मूळ कागद बहुतेक वेळा शाखेत नसतात, मध्यवर्ती भांडारात असतात, कधी दुसऱ्या शहरात. ते न्यायला सगळ्या सहकर्जदारांनी हजर राहावं असं बँक सांगते, आणि सहकर्जदार भाऊ बंगळुरूला असतो. कधी त्याच घरावर वाढीव घेतलेलं टॉप-अप कर्जही असतं, ते फोरक्लोजरच्या आकड्यात धरलेलं नसतं. म्हणून ‘या मिळकतीवर आपल्या बँकेचं कुठलं कुठलं कर्ज आहे’ असं स्पष्ट लिहून विचारावं.

इथे विक्रेत्याच्या बाजूने एक चांगला नियम आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजाची नोंद काढणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. विक्रेत्याने शाखेला लिहिलेल्या अर्जात या परिपत्रकाचा एका ओळीत उल्लेख केला तरी काम हलतं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. दंडाच्या भीतीने कर्ज फेडायला टाळाटाळ करणारे विक्रेते असतात. त्यांना हे नीट समजावून सांगितलं की अर्धी अडचण सुटते.

आणि कागद हातात आले म्हणजे संपलं नाही. जुन्या बँकेचा बोजा सरसाईच्या, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या, नोंदवहीतून उतरायला हवा, आणि दुय्यम निबंधकांकडे गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ (गहाण ठेवल्याची सूचना) नोंदवलेली असेल तर तिच्या मुक्ततेचीही नोंद हवी. नाहीतर तुमच्या बँकेचा सर्च घेणारा वकील शेवटच्या आठवड्यात ते काढून दाखवतो आणि पुन्हा सगळं थांबतं.

सह्यांचा उशीर वेगळ्या जातीचा. तो बँकेच्या पत्राने सुटत नाही, तिथे घरातल्या माणसांची मनं असतात.

वडील गेले, फ्लॅट त्यांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठा मुलगा. तो म्हणतो, फ्लॅट माझ्या नावावर झालाय. पण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. लग्न झालेल्या मुली तर विसरल्या जातातच, पण त्यांच्याहून जास्त विसरली जाते ती आजी. वडील गेले तेव्हा त्यांची आई हयात असेल, तर तिचा हिस्सा होता. ती नंतर गेली असेल तर तो हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे काका-आत्यांकडेही जातो. असा व्यवहार दिसला की विसाराआधीच वंशावळ कागदावर काढून घ्यावी, नावं आणि गावं दोन्हींसह. ज्यांना हिस्सा नको असेल त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, नाहीतर खरेदीखतावर सही करावी. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल, तर त्याच्या हिश्शासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. अशा ठिकाणी तीन महिन्यांची मुदत लिहिणं म्हणजे स्वतःचीच फसगत.

बहिणीची सही राहिली असेल तर ती का राहिली, हे विचारायला संकोच करू नये. ‘ती काही म्हणणार नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. तिला स्वतःहून एकदा भेटावं किंवा फोन करावा. ती हो म्हणाली तर तिच्या सोयीची तारीख तिच्याकडूनच घ्यावी. ती गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्यात सहा महिने किंवा सहा वर्षं दडलेली असू शकतात.

विक्रेता वृद्ध किंवा आजारी असेल, तर नोंदणी कार्यालयात जाता येत नाही म्हणून खरेदीखत लांबवायची गरज नसते. नोंदणी कायद्यात दुय्यम निबंधकांनी घरी येऊन दस्त नोंदवण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज, कारण आणि फी लागते.

मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट त्याच्या नावावर, हे आता कोथरूड-ठाण्यापासून नाशिकपर्यंत नेहमीचं झालंय. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन किंवा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा तिथला सरकारी शिक्का) करून यायला हवं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. त्यात या फ्लॅटचं वर्णन, विकण्याचा, पैसे घेण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत असावा. मोघम मुखत्यारपत्र बँकेचा वकील परत पाठवतो आणि ते पुन्हा तिकडून मागवावं लागतं. विक्रेता अनिवासी असल्यावर खरेदीदाराने किमतीतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापण्याचा साधा नियमही चालत नाही, कपात बरीच मोठी होते. ती कमी करून घ्यायची असेल तर प्रमाणपत्र विक्रेत्याने आयकर खात्याकडून आणायचं असतं. त्याला आठवडे लागतात. म्हणून ‘अर्ज केला का’ हा प्रश्न विसाराच्या दिवशीच विचारावा. गोव्यात घर घेत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: तिथल्या समान नागरी कायद्यामुळे घर एकाच्या नावावर असलं तरी पती-पत्नी दोघांची सही लागते.

सोसायटीबद्दल थोडक्यात. आदर्श उपविधींप्रमाणे सभासद बदलासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र बंधनकारक नाही, पण तुमची बँक ते मागते, म्हणून व्यवहारात ते लागतंच. मागितल्यावर महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो. हस्तांतर अधिमूल्याची, म्हणजे सभासद बदलताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये आहे. ‘डोनेशन’ म्हणून त्यावर मागितलेली रक्कम हे उशिराचं एक लपलेलं कारण असतं, विक्रेता आणि कमिटी यांच्यात ती ओढाताण चाललेली असते आणि तुम्हाला सांगितलं जातं की सेक्रेटरी गावाला गेलेत. थकबाकीचा दाखला विसाराआधीच मागितला की खरं काय ते बाहेर येतं. जमीन सिडको, म्हाडा किंवा कलेक्टरची असेल तर त्या त्या कार्यालयाची परवानगी आणि शुल्क वेगळं. तिथे विक्रेता कितीही प्रामाणिक असला तरी तारीख त्याच्या हातात नसते.

काही उशीर विक्रेत्याला फायद्याचे असतात, आणि ते तो बोलून दाखवत नाही. फ्लॅट घेऊन चोवीस महिने पूर्ण झाले नसतील तर नफा अल्प मुदतीचा धरला जातो, म्हणून दोन महिने ढकलायचे असतात. नवं घर दोन वर्षांत घेतलं तर करात सवलत मिळते, पण मनासारखं घर अजून सापडलेलं नसतं. किंवा बिल्डरने त्याला दिलेली ताब्याची तारीख पुढे गेलेली असते आणि त्याच्या उशिराचा हा उशीर तुमच्यापर्यंत येतो. म्हणून विक्रेत्याला दुसरा प्रश्न विचारावा: इथून तुम्ही कुठे जाणार? उत्तरात पत्ता आणि महिना आला तर ठीक. ‘बघू, भाड्याने घेऊ’ एवढंच आलं, तर ताब्याची तारीख कच्ची आहे असं समजून चालावं.

विक्रेत्याला खरोखरच दोन-तीन महिने त्याच घरात राहायचं असेल तर नाही म्हणायचं कारण नाही. खरेदीखत करून घ्यावं, आणि त्याच दिवशी त्याच्याशी ठरावीक मुदतीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज असा तुलनेने जवळचा रस्ता आहे. नुसत्या शब्दावर राहू दिलं तर यातलं काहीच हातात राहत नाही.

आता पैसे. समजा फ्लॅट ८० लाखांचा, तुमचे २० आणि बँकेचे ६०. विक्रेत्याचं कर्ज ४५ लाख बाकी. विसार एक लाखच द्यावा, तोही खात्यातून. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं विक्रेत्यालाच दंडात टाकतं. साठेखताच्या नोंदणीला सहा लाख विक्रेत्याला आणि तेरा लाख थेट त्याच्या कर्ज खात्यात, म्हणजे बाकी ३२ लाखांवर आली. मग बँकेचा ३२ लाखांचा ड्राफ्ट. उरलेले २८ लाख मूळ कागद आल्यावर, खरेदीखत आणि चाव्या एकाच दिवशी मिळत असताना. बँक तुमचा वाटा आधी भरायला सांगते, म्हणून राखून ठेवायची रक्कम बँकेच्या शेवटच्या हप्त्यातली असावी. हा हप्त्यांचा तक्ता साठेखतात जसाच्या तसा यावा आणि त्याआधी बँकेला दाखवून घ्यावा. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात प्रत्येक रकमेवर एक टक्का टीडीएस कापायचा असतो, कर्ज खात्यात थेट भरलेल्या रकमेवरही. तो विक्रेत्याच्या हातात जाणाऱ्या सहा लाखांतूनच कापून घ्यावा, म्हणजे कर्ज खात्यात रक्कम अपुरी पडत नाही.

या रचनेत विक्रेत्याच्या हातात शेवटपर्यंत सात लाखच असतात. घाई कुणाला, हे मग सांगावं लागत नाही.

उशिराच्या भरपाईचं कलम बहुतेक करारांत असतं, पण आकडा हवेतला असतो. तो हिशोबाने लिहावा. वरच्या उदाहरणात बँकेने ३२ लाख दिल्यापासून साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २२,६६७ रुपये व्याज तुम्ही भरताय. आत्ताच्या घराचं भाडं २४,००० धरलं तर महिन्याचे ४६,६६७, दिवसाचे १,५५५. म्हणून ‘ताबा देण्यास ठरलेल्या तारखेनंतर विलंब झाल्यास विक्रेता खरेदीदारास प्रतिदिन रु. १,५०० देईल व ही रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती करण्याचा खरेदीदारास अधिकार राहील’ असं लिहिता येतं. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाईच मान्य करतं. रोजचे दहा हजार लिहिलेला कागद दिसायला जोरदार, पण टिकायला कच्चा. शिवाय विक्रेत्याला हिशोब दाखवला की तोही फारसा वाद न घालता सही करतो, हा त्यातला मोठा फायदा.

‘मुदत हा या कराराचा गाभा आहे’ हे वाक्यही हवं, आणि नुसतं वाक्य पुरत नाही. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत हा गाभा असल्याचं कोर्ट सहसा आपणहून गृहीत धरत नाही. त्यामुळे कुठला कागद कुठल्या तारखेपर्यंत, हुकल्यास काय, आणि रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत, हे सगळं लिहिलेलं असलं तरच त्या वाक्याला वजन येतं.

साठेखत नोंदवावं का, यावर लोक अडखळतात, कारण पूर्ण मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावं लागतं. पुण्यात सात टक्क्यांनी ८० लाखांवर ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. माझं मत असं: खरेदीखत महिना-दीड महिन्यात होणार असेल आणि कर्जाचा गुंता नसेल तर नीट लिहिलेल्या विसारपावतीवर थांबता येतं. त्याहून जास्त लागणार असेल तर नोंदवावंच. नोंदवलं की सूची दोनमध्ये तुमचं नाव दिसतं, आणि मध्येच भाव वाढले म्हणून विक्रेत्याला दुसरं गिऱ्हाईक शोधण्याची वाट अरुंद होते. मात्र मुद्रांक शुल्काचं चलन उगाच महिनाभर आधी भरून ठेवू नये. विक्रेत्याचे कागद हातात आल्यावर भरावं. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यावा लागतो, पुढचे चार महिने दंडासह. तेव्हा सही घेऊन ठेवली आणि नोंदणी राहिली असंही होऊ देऊ नये.

वर्षाच्या कालगणनेचंही भान ठेवावं. मुद्रांक शुल्क ज्यावर मोजलं जातं तो वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता १ एप्रिलला बदलतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयांत पाय ठेवायला जागा नसते. तिथे सर्व्हर बसला की दिवस गेला. पितृपंधरवड्यात पुष्कळ विक्रेते सही करत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नये. त्या पंधरा दिवसांत दाखले, ना हरकत पत्रं, फोरक्लोजर लेटर अशी बिनमुहूर्ताची कामं उरकून घ्यावीत आणि दसऱ्याच्या आधीचा नोंदणीचा दिवस धरावा. मुलांची दहावी-बारावी असेल तर मार्चमध्ये घर रिकामं होणार नाही, हे डिसेंबरातच मान्य केलेलं बरं.

एवढं करूनही तारीख हुकते. तेव्हा पहिली गोष्ट फोन नव्हे, लिहून विचारणं. ‘कधी करताय’ असं मोघम नको. ‘एलओडी १५ तारखेपर्यंत मिळणार होती, बँकेत अर्ज कुठल्या तारखेला दिला, त्याची पोच पाठवाल का’ असं विचारावं. पोच आली तर माणूस खरं बोलतोय आणि अडचण बँकेत आहे, तुम्हीही सोबत जाऊन मदत करू शकता. पोच येत नसेल तर अर्जच गेलेला नाही. तोंडी मुदतवाढ देऊ नये. ‘असू दे, पुढच्या महिन्यात करा’ या दोन शब्दांनी लिहिलेली तारीख सैल होते. मुदत वाढवायची तर एका पानावर, दोघांच्या सहीने, नव्या तारखेसह, आणि ‘मूळ करारातील बाकी अटी व भरपाईचा हक्क कायम’ या ओळीसह. या ओळीला कारण आहे. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उशिरा केलेली पूर्तता तुम्ही स्वीकारली आणि त्या वेळी भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाही, तर ती नंतर मागता येत नाही.

दुसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: आपली तयारी नोंदीवर ठेवणं. विक्रेत्याला करार पाळायला लावण्याचा दावा करायची वेळ आली, तर कोर्ट आधी तुमच्याकडे बघतं. हा माणूस पैसे घेऊन सतत तयार होता का? कर्जाचं मंजुरीपत्र ठरावीक मुदतीचं असतं, ती संपू देऊ नये. स्वतःच्या वाट्याचे पैसे खात्यात दिसत राहावेत, मध्येच शेअर बाजारात फिरवू नयेत. नोटीस द्यावी लागली तर तीत कराराची तारीख, दिलेल्या प्रत्येक रकमेचा व्यवहार क्रमांक, राहिलेला कागद, पंधरा दिवसांची मुदत, आणि ‘उर्वरित रक्कम तयार असून अमुक दिवशी अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात मी हजर राहीन’ हे असावं. पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवावी. आणि त्या दिवशी खरंच जावं, मंजुरीपत्र घेऊन.

रेराकडे जाता येईल का, असं विचारणारे पुष्कळ असतात. रेरा बिल्डर-प्रवर्तकांसाठी आहे, राहत्या मालकाने केलेल्या विक्रीला तो लागू नाही. इथे रस्ता दिवाणी कोर्टाचा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणं हा पूर्वीसारखा कोर्टाच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही, हे घेणाऱ्याच्या बाजूचं आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं, ठरलेल्या तारखेपासून. तारीख लिहिलेलीच नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून. मुंबईतल्या मिळकतीवर दावा केला तर त्याची ‘लिस पेंडन्स’, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची, नोटीसही नोंदवावी लागते, नाहीतर मधल्या काळात घेणाऱ्या तिसऱ्या माणसावर त्याचा जोर चालत नाही. हे सगळं खरं असलं तरी राहायला घर हवं असलेल्या कुटुंबाने दावा हा शेवटचाच उपाय मानावा. ताकद नोटिशीत असते, ती सुद्धा वेळेवर दिली तर.

सोडायचं कधी? विक्रेता किंमत वाढवून मागू लागला, नवनव्या अटी काढू लागला, एजंटचाही फोन उचलेनासा झाला, किंवा दोनदा लेखी मुदतवाढ देऊनही एकही नवा कागद आला नाही, तर मी म्हणेन सोडा. कागद हळूहळू का होईना येत असतील तर थांबण्यात अर्थ आहे. सोडताना घाईने सही करू नये. साठेखत नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही नोंदणीकृतच लागतो, आणि परतीचे पैसे त्याच टेबलावर, ड्राफ्टने, सहीच्या आधी. ‘आधी रद्द करून द्या, मग पैसे देतो’ याला होकार देऊ नये. मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, दिलेल्या पैशांपुरता घेणाऱ्याचा त्या घरावर भार असतो, तो असा फुकट सोडू नये. रद्दलेखात ताबा दिला-घेतलेला नाही आणि विक्रेत्याच्या बाजूने पूर्तता न झाल्याने करार रद्द होत आहे, हे कारण स्पष्ट यावं, कारण मुद्रांक शुल्काच्या परताव्याचा अर्ज त्याच कारणावर उभा राहतो. त्या अर्जाला मुदत असते आणि ती कडक असते. म्हणून रद्दलेख नोंदवण्याआधीच मुदत वकिलाकडून तपासून घ्यावी, आणि मूळ साठेखत, रद्दलेख आणि चलन घेऊन त्याच आठवड्यात मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.